हद्दीच्या भिंतीतलं दार

ओमानमधल्या सीबच्या जुन्या सूकपासून, म्हणजे बाजारापासून, दहा मिनिटांवर, एका शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर जनार्दन घोसाळकर कामाला होता. कन्सल्टन्सी ओमानी मालकाची, नकाशे मात्र जनार्दनचे. घर बांधायचं असो, वाढवायचं असो की नुसतं गाडीचं छप्पर टाकायचं असो, आधी बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, मंजुरी लागते. आणि त्या मंजुरीसाठीचे नकाशे जनार्दन तेवीस वर्षं काढत आला होता. गुहागरकडचा, डिप्लोमा केलेला ड्राफ्ट्समन तो. पण इथे सगळे त्याला 'मुहंदिस' म्हणजे इंजिनीयर म्हणत, आणि त्यानेही कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. त्याची एकच ऐट होती. त्याचा नकाशा बलदियातून परत येत नाही.

म्हणून सालिमची फाइल परत आली तेव्हा ते त्याच्या मनाला लागलं.

सालिम विमानतळावर नोकरीला होता. वडलांचं जुनं बैठं घर पाडून त्याच जागी दुमजली घर बांधायचं होतं. प्लॉटचा सरकारी मोजणी नकाशा, ज्याला इथे सगळे क्रूकी म्हणतात, तो त्याने आणून दिला. जनार्दनने महिन्याभरात नकाशे केले. शेवटच्या दिवशी सालिम सही करायला आला, तेव्हा सोबत आईला घेऊन आला. हवाबी तिचं नाव. सत्तरीची, बलुची घरात वाढलेली, हिंदी झकास बोलणारी. इथे म्हाताऱ्या बाईला आदराने 'मामा' म्हणतात. पहिली दोन वर्षं जनार्दनला त्याचं हसू यायचं, आता तोंडात बसलं होतं.

मामाने नकाशावर फार वेळ घालवला नाही. किचन बघितलं, आपली खोली बघितली आणि पश्चिमेच्या हद्दीच्या भिंतीवर बोट टेकवलं.

"इथे दार."

"मामा, ती हद्द आहे. पलीकडे दुसऱ्याचा प्लॉट."

"ठाऊक आहे मला. इथे दार काढ."

जनार्दनने सालिमकडे पाहिलं. सालिम मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. "काढ," तो न बघताच म्हणाला. "नाहीतर ती सही करू देणार नाही. घर तिच्या नावावर आहे."

जनार्दनने दार काढलं. नव्वद सेंटीमीटरचं, एका झडपेचं, हवाबीच्या अंगणात उघडणारं. आणि व्हायचं तेच झालं. आठव्या दिवशी कॉम्प्युटरवर शेरा आला: हद्दीच्या भिंतीत दार ठेवायचं असल्यास शेजारच्या प्लॉटमालकाची लेखी संमती जोडावी. संमती नसल्यास शेजाऱ्याने नकाराचं कारण लिहून द्यावं. सोबत फॉर्म.

त्याने सालिमला फोन लावला. "दार काढून टाकू या. दोन दिवसांत पास होईल."

"मलाही तेच हवंय," सालिम म्हणाला. "पण आईला तूच सांग."

जनार्दन संध्याकाळी सालिमच्या घरी गेला. हवाबी अंगणात चटईवर बसून खजुराच्या बिया काढत होती. त्याने शेरा वाचून दाखवला. बाई चिडेल, रडेल, बलदियाला शिव्या घालेल, असं त्याला वाटलं होतं. तिने बी हातातच धरून विचारलं, "परत वाच. शेवटचं."

"संमती नसल्यास शेजाऱ्याने नकाराचं कारण लिहून द्यावं."

"लिहून?"

"हो. फॉर्ममध्ये चौकट आहे त्याला."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर बलदिया पुन्हा मागेल. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

हवाबीचा चेहरा उजळला. तिने खजुरांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. "खा. आणि तो फॉर्म पलीकडे, तिला नेऊन दे. तूच दे, मुहंदिस. सालिम नाही."

तिला नक्की दार हवंय की कारण, हेच जनार्दनला कळेना. त्याने भिंतीकडे पाहिलं. सबंध भिंत जुन्या, उन्हाने पिवळट झालेल्या ब्लॉकची. पण मधोमध एका दाराएवढा उभा पट्टा वेगळाच होता. राखाडी, घाईघाईने रचलेला, सांध्यांतून सिमेंट बाहेर आलेलं. तिथे कधीतरी खरोखरच दार होतं.

ऑफिसात परतल्यावर त्याने दोन्ही प्लॉटच्या क्रूकी शेजारी शेजारी मांडल्या. लांबी-रुंदी सेंटीमीटरपर्यंत सारखी. दोन्हींचा मूळ मालक एकच. मुराद नावाचा माणूस. आता एक प्लॉट हवाबीच्या नावावर, दुसरा उमामा नावाच्या बाईच्या.

"बहिणी असतील," रात्री जेवताना वासंती म्हणाली. जनार्दनची बायको ती. जवळच्याच माबेला भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शाळेच्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, आणि उत्तर सुटल्याशिवाय तिला झोप येत नसे. "नाहीतर नणंद-भावजय. तुम्ही विचारलंत का?"

"कसं विचारणार? मी नकाशे काढतो, पंचायती नाही करत."

"मग मला कशाला सांगितलंत? आता मी काय करू रात्रभर?"

दुसऱ्या दिवशी त्याने सालिमलाच विचारलं. सालिम म्हणाला, "माझ्या वडलांची दुसरी बायको. वडील ट्रक चालवायचे, पार दक्षिणेला सलालापर्यंत. दोन बायका, दोन घरं, एकाच मापाची, चपलांच्या जोडीसारखी. एक डावं, एक उजवं."

"सवती?"

"हो. बारा वर्षांपूर्वी वडील गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ईदला मी मिठाई घेऊन त्या दारातून जायला गेलो, तर तिथे भिंत. काल नव्हती, आज होती. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. लहानपणी निम्म्या रात्री मी तिच्याकडे झोपलोय. तिला मूलबाळ नाही. मला तिने एका शब्दाने सांगितलं नाही." त्याने गाडीची किल्ली उचलली. "त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. आई गेली होती. दार वाजवून परत आली."

आता मात्र जनार्दनलाही झोप येईना. आपल्याकडे सवतीचं नाव काढलं की भांडणच डोळ्यांपुढे येतं. आणि इथे एक सवत दुसरीकडे जाणाऱ्या दारासाठी घराची मंजुरी अडवून बसली होती.

फॉर्म घेऊन तो गेला तो गुरुवारी, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर. उमामाचं घर खरंच आरशात बघितल्यासारखं होतं. किचन डावीकडचं उजवीकडे गेलेलं, एवढाच फरक. उमामा हवाबीपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, उंच, काटक. अंगणात लिंबाचं झाड, बाकी सगळं झाडून लख्ख. तिची हिंदी मोडकी आणि जनार्दनची अरबी बाजारातली. दोन्ही मिळून काम भागत होतं. तिने वेलचीच्या कॉफीचा काहवा दिला, समोर बसली आणि फॉर्म स्वतः वाचायला घेतला. अक्षरावर बोट ठेवून, सावकाश, पण न अडखळता.

"वाचता येतं तुम्हाला?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पन्नाशीनंतर शिकले. बायकांच्या वर्गात. वेळ खूप होता." ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली आणि हसली. "नकाराचं कारण. ही हवाबीची युक्ती आहे. अकरा वर्षं ती हेच विचारतेय. आता बलदियाला घेऊन आली."

"मग काय लिहू? हो की नाही?"

तिने फॉर्म बाजूला ठेवला. "नकाशा दाखव."

त्याने नकाशा पसरला. तिचं बोट थेट हद्दीवर गेलं. "हा अर्धा चंद्र कसला?"

"पाव आहे. दार उघडलं की झडप कुठून कुठे फिरते ते दाखवतात. म्हणजे तेवढी जागा मोकळी सोडायची. तिथे काही ठेवायचं नाही."

"जागा कुणी सोडायची?"

"ज्याच्या अंगणात दार उघडतं त्याने. इथे हवाबीमामाने."

उमामा त्या कमानीकडे बघत राहिली. काहवा थंड झाला. मग तिने नखाने तो पाव चंद्र हद्दीपलीकडे, आपल्या अंगणात उलटा करून दाखवला. "इकडे फिरव."

"तसं चालणार नाही. तिचं दार तुमच्या जमिनीत नव्वद सेंटीमीटर येईल. बलदिया अतिक्रमण म्हणेल."

"मग दार माझं. मी अर्ज करते."

"पण का? तिच्याकडे उघडलं काय, तुमच्याकडे उघडलं काय, जायची वाट तीच ना?"

"ते तुझ्या नकाशात नाही, मुहंदिस," ती म्हणाली. रागाने नव्हे. पण तिने कप उचलले, म्हणजे बैठक संपली.

तेवीस वर्षांत असं प्रकरण जनार्दनने पाहिलं नव्हतं. तो बलदियाच्या काउंटरवर गेला. तिथली इंजिनीयर अफशीन नावाची तरुण मुलगी; कडक म्हणून प्रसिद्ध, पण विचारलं तर नीट सांगणारी. तिने दोन्ही क्रूकी पाहिल्या आणि खुर्चीत सरसावून बसली.

"म्हणजे जिने दार मागितलं ती शेजारीण होणार, आणि जी शेजारीण होती ती अर्जदार?"

"हो, मॅडम. चालेल का?"

"न चालायला काय झालं? भिंत सामाईक आहे. ज्याच्या जमिनीत झडप उघडते त्याने अर्ज करायचा. दुसऱ्याची संमती जोडा. आणि हो," तिने फॉर्मवर टिचकी मारली, "या अर्जात 'कामाचं कारण' असा रकाना आहे. तो भरलेला हवा. लोक तिथे नुसतं 'गरज' लिहितात, ते मी परत पाठवते. दार का हवंय ते लिहा." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "खरंच, का हवंय?"

"माहीत असतं तर इथे आलो असतो का?"

ती मोठ्याने हसली. मागच्या रांगेतल्या लोकांनी माना वर केल्या.

उमामाने अर्ज दोन दिवस ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी जनार्दन आणायला गेला तेव्हा तो घडी घालून तयार होता. 'कामाचं कारण' या रकान्यात दोन ओळींची जागा होती. तिने त्या दोन ओळी भरल्या होत्या, मग समासात वर चढली होती, आणि तिथेही जागा संपल्यावर पानाच्या मागे गेली होती. गोल, मोठं, शाळकरी अक्षर.

"बलदियाला देण्याआधी हवाबीला दे," ती म्हणाली. "तिला वाचता येत नाही. पण सालिमला येतं."

गाडीत बसल्यावर जनार्दनने कागद उघडला. छापील अरबी त्याला ओळखता यायची. प्लॉट, मालक, मजला, सही. हाताने लिहिलेलं मात्र त्याच्या डोळ्यांपुढून मुंग्यांच्या रांगेसारखं गेलं. 'हवाबी' एवढं सापडलं. ऑफिसातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने अर्ध्या मिनिटात वाचून दाखवलं असतं. सिग्नलला थांबल्यावर त्याने तो कागद पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग वासंतीला फोन केला.

"कुणाकडून वाचून बघू नका हां," ती म्हणाली. जरा थांबली. "बघितलंत तर मला सांगा."

"नाही बघणार."

"बरं. नका बघू." तिचा आवाज पडला होता.

शुक्रवारी सालिमला सुट्टी होती. तिघं अंगणात बसले, त्या राखाडी पट्ट्यासमोर. सालिमने कागद हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घालून, काम उरकावं तसा, वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला त्याचा वेग कमी झाला. मागच्या पानावर गेल्यावर तो आणखी हळू वाचू लागला. हवाबी भिंतीकडे बघत ऐकत होती. वाचून झालं. जनार्दनला वाटलं, आपण उठावं. पण पाय निघेना.

"तुला सांगते," हवाबीच म्हणाली. "एवढ्या फेऱ्या घातल्यास, तुला कळायला हवं.

"लग्नाला सात वर्षं झाली आणि त्याने उमामाला आणलं. पहिलं वर्ष मी तिचं तोंड पाहिलं नाही. मग एकदा तो सलालाला गेलेला असताना सालिम तापाने फणफणला. मी रात्री या भिंतीवर वरवंटा आपटला. ती रस्त्याने धावत आली, अनवाणी. सकाळी आम्ही दोघींनी मिळून भिंत फोडली. तो आठवड्याने परतला तर दार. एक शब्द बोलला नाही. मरेपर्यंत त्या दारातून गेलाही नाही. तिच्याकडे जायचं तर चपला घालून, पुढून, रस्त्याने. ते दार त्याचं नव्हतंच. आमचं होतं.

"तो गेल्यावर चार महिने दहा दिवस आम्ही इद्दतीत बसलो, बाहेर पडायचं नाही. पण दार उघडं होतं. तेवढे दिवस आम्ही एकाच ताटात जेवलो. नंतर सालिमला नोकरी लागली, घरात सगळं यायला लागलं. मी रोज तिला ताट पाठवायची. मासे, भात, फळं. रोज. आणि एक दिवस भिंत." तिने राखाडी पट्ट्याकडे बोट केलं. "अकरा वर्षं मी आठवतेय काय चुकलं. कुठला शब्द, कुठला सण, कुणाची चुगली. सगळं आठवलं. हे सोडून."

"काय लिहिलंय?" जनार्दनने विचारलं.

सालिमने कागदाकडे न बघताच सांगितलं. "लिहिलंय की एक पाहुणी आली होती. तिला आई म्हणाली, 'उमामाला कोण आहे? मी जेवायला घालते म्हणून चाललंय.' उमामा दारातच उभी होती, रिकामं ताट परत द्यायला आली होती. लिहिलंय, 'ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला सोसलं नाही. त्या दारातून रोज माझ्याकडे काहीतरी येत होतं, आणि माझ्याकडून तिकडे फक्त धुतलेलं ताट जात होतं. आता मला दार हवं आहे. पण जागा मी सोडीन. माझं लिंबाचं झाड त्या बाजूला आहे, त्याची एक फांदी तोडावी लागेल. ती मी तोडीन.'"

"मी म्हणाले असेन," हवाबी पुटपुटली. "म्हणालेच असेन. मला आठवतही नाही. जिला लागलं तिने अकरा वर्षं जपून ठेवलं, आणि मी बोलले आणि कामाला लागले." तिने ओढणीने डोळे पुसले नाहीत, नुसता हात पुढे केला. "सही कुठे करायची?"

तिला सही येत नव्हती. जनार्दनने तिचा अंगठा शाईत टेकवला. संमतीच्या फॉर्ममध्ये 'हरकत असल्यास' असा एक रकाना होता. तो ती रिकामा ठेवेल असं त्याला वाटलं. पण ती सालिमला म्हणाली, "लिही, फांदी तोडू नकोस. दार दोन हात दक्षिणेला सरकव." सालिमने लिहिलं. लिहिताना तो हसत होता आणि नाक ओढत होता.

त्यामुळे नकाशा पुन्हा बदलावा लागला. दार दोन हात सरकलं, पाव चंद्र उमामाच्या अंगणात फिरला, फांदी वाचली. अफशीनने काउंटरवर अर्ज घेतला, मागची बाजू उलटून पाहिली आणि वाचत राहिली. रांगेतला एकजण कुरकुरला. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"कारण पुरेसं आहे," ती शेवटी म्हणाली आणि शिक्का मारला.

घराची आणि दाराची, दोन्ही मंजुऱ्या एकाच आठवड्यात आल्या. सालिमने घर पाडायच्या काळात आईसाठी माबेलाला दोन खोल्या भाड्याने बघून ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. ट्रंक, चटई आणि आपली उशी घेऊन हवाबी उमामाकडे राहायला गेली. पुढून, रस्त्याने, कारण दार अजून व्हायचं होतं. पाया खणायच्या आधी हद्द तपासायला जनार्दन साइटवर गेला, तेव्हा राजस्थानी फोरमन डोक्याला हात लावून उभा होता.

"साब, एक बोलती है दरवाज़ा छह फुट, दूसरी बोलती है सात. सुबह से यही चल रहा है."

लिंबाच्या सावलीत दोन खुर्च्या होत्या. दोघी एकमेकींचं न ऐकता एकाच वेळी बोलत होत्या, एक अरबीत, एक बलुचीत. जनार्दनला पाहिल्यावर दोघी थांबल्या.

"ये, मुहंदिस," हवाबीने हाक मारली. "आधी बस. आम्हाला तुला एक विचारायचंय."

"दाराची उंची ना? नकाशात लिहिलेली आहे."

"ते राहू दे," उमामा म्हणाली. तिने तिसरी खुर्ची पुढे ओढली. "तुझी बायको. ती रोज तुला फोन करून विचारते म्हणे, पुढे काय झालं? सालिम सांगत होता. तिला घेऊन का येत नाहीस? उद्या जेवायला आण."

"माझ्या हातचे मासे," हवाबी म्हणाली.

"नाही," उमामा म्हणाली, "माझ्या."

जनार्दनने मोबाइल काढला आणि तिथेच उभ्या उभ्या वासंतीला फोन लावला. पहिल्या रिंगलाच तिकडून आवाज आला, "अहो, काय झालं?"